गाळातल्या जिवाणूंना उपाशी का ठेवायचं?

पुन्हा तीच कमेंट: "हे प्लास्टिक खाणारे जिवाणू ना?" नाही हो! पीईटी, म्हणजे बाटल्यांचं प्लास्टिक, खाणारा इडिओनेला वेगळा, त्याचा शोध जपानमधून २०१६ मध्ये जाहीर झाला. आजचे जिवाणू पोटात प्लास्टिक साठवतात. नाव पीएचए (पॉलीहायड्रॉक्सीअल्कानोएट), त्यांची बेगमी.

सांडपाण्याच्या गाळातून हे प्लास्टिक कसं मिळवायचं, पटकन सांगतो. पहिल्या टाकीत गाळ हवा न देता आंबवायचा, म्हणजे अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक अशी आम्लं सुटतात. दुसऱ्या टाकीत, भरपूर हवा देत, त्या आम्लांवर साठवणारे जिवाणू निवडायचे. तिसरीत त्यांना तुडुंब चारायचं.

सगळे अडकतात दुसऱ्या टाकीत. "सतत खायला घातलं तर जास्त प्लास्टिक मिळेल ना?" नाही मिळणार. अन्न कायम असेल तर साठवायची गरज कुणाला? नुसते भराभर वाढणारेच टाकी बळकावतात.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातलं उदाहरण घ्या. १२ तासांचं चक्र, ३० अंश तापमान, गाळाचं वय, म्हणजे जिवाणू टाकीत सरासरी किती टिकतात तो काळ, एक दिवस. अन्न सुरुवातीलाच एकदम, ते तासाभराच्या आत फस्त, उरलेला वेळ कडकडीत उपास. ज्यानं साठवलं तोच उपासात वाढला. असा निवडून आलेला प्लास्टिसिक्युम्युलान्स अ‍ॅसिडिव्होरान्स नंतर सुमारे साडेसात तासांत कोरड्या वजनाच्या ८९ टक्क्यांपर्यंत पीएचबी (पीएचएचाच एक प्रकार) साठवतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं.

आता हेच डीओ मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावर, बघा. अन्न पडलं की विरघळलेला ऑक्सिजन खाली येतो, संपलं की एकदम उसळतो. ती उसळी उशिरा येऊ लागली, तर अन्नाचा डोस कमी करा. मेजवानी लांबली की निवड ढासळते. घड्याळ लावून बसणाऱ्यांनो, घड्याळ नव्हे, मीटर बघा!

नायट्रोजनचंही तसंच. दुसऱ्या टाकीत तो हवा, नाहीतर उपासात वाढणार कशावर? तिसरीत मात्र जवळजवळ बंद करायचा, म्हणजे वाढ थांबते आणि कार्बन साठ्यात जातो. तिथेही आम्लं एकदम ओतू नका, जास्त झाली की जिवाणूंनाच बाधतात. थोडी थोडी द्या, डीओ उसळला की पुढचा डोस.

शेवटचं, आणि इथे बरेच जण मार खातात: साठा भरला की लगेच आम्ल घालून सामू (pH) २–३ वर आणा. ढिलाई केली तर तेच जिवाणू तुमचं प्लास्टिक खाऊन टाकतात. मग वाळवा, द्रावकानं पीएचए काढा. शुद्ध पीएचबी ठिसूळ असतो आणि साधारण १७५ अंशाला वितळतो, त्याच्या थोडं वर गेलं की विघटनही सुरू. म्हणून प्रोपिऑनिक आम्लाचा वाटा वाढवायचा. त्यातून व्हॅलेरेट या वेगळ्या घटकाचे तुकडे प्लास्टिकच्या साखळीत येतात, वितळबिंदू उतरतो आणि मोल्डिंगला सवड मिळते.