जिवाणूंचं बिऱ्हाड

नमस्कार श्रोतेहो.

पीक निघालं, शेत मोकळं झालं. मग त्या पिकावरचा जिवाणू जातो कुठे? पिकांवरच्या बहुतेक जिवाणूंजवळ बुरशीसारखे टणक बीजाणू नसतात. कोरड्या उन्हात ते फार टिकत नाहीत. त्यांना जिवंत आसरा लागतो, आणि तो देतात तणं आणि किडे.

१९९२ सालची गोष्ट. इंग्लंडमध्ये बटाट्यावर तपकिरी कूज, म्हणजे आपली बांगडी, पहिल्यांदा सापडली. बटाटा आडवा कापला की सालीच्या आत तपकिरी कडं दिसतं. दाबलं की त्यातून दुधट थेंब वर येतात. अशा वेळी पहिला संशय जातो बियाण्यावर. पण पिकाला पाणी होतं टेम्स नदीचं, आणि नदीकाठी वाढत होती बिटरस्वीट नावाची वेल. जांभळी फुलं, लाल फळं, कूळ बटाट्याचंच. मुळं थेट पाण्यात सोडलेली. त्या मुळांत जिवाणू होता, आणि वेल मात्र हिरवीगार! एक पान कोमेजलेलं नाही. उन्हाळ्यात पाणी कोमट झालं की जिवाणू वाढायचा, मुळांतून पाण्यात उतरायचा, पंपातून शेतात पोचायचा. हिवाळ्यात पाणी तपासावं, तर काही सापडत नाही. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा हजर. स्वीडनमध्ये हेच तण १९७० च्या दशकात पकडलं गेलं होतं. तण निरोगी दिसतं म्हणून ते निरोगी नसतं, हे लक्षात ठेवा. निरोगी दिसतं, पण नसतं.

जाता जाता सांगतो, बटाटे धुतलेलं पाणी तसंच ओढ्यात सोडणं मला शेजाऱ्याच्या विहिरीत घाण टाकण्याइतकंच वाईट वाटतं. वाहतं पाणी शुद्ध, ही समजूत सोडायला हवी.

हाच जिवाणू टोमॅटो-वांग्यालाही मर लावतो. मग दोन-तीन वर्षं तृणधान्य घेऊन फेरपालट केली, पण त्यात कांगोणी आणि आपोआप उगवलेले बटाटे तसेच राहिले, तर फेरपालट वाया गेली. जिवाणूला जेवण चालूच राहिलं. म्हणून तण लहान असतानाच काढा. उशिरा कोळपलं तर पिकाची मुळं तुटतात आणि त्या जखमांतूनच जिवाणू आत शिरतो. उपटलेलं तण पाटाच्या कडेला टाकू नका. विळा-खुरप्याची माती आधी धुवा, मग एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवा. माती राहिली तर ब्लीच वाया जातं.

मर जिवाणूचीच आहे का? खोडाचा बोटभर तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात टांगा आणि पाणी हलू देऊ नका. काही मिनिटांत पांढरट धागे खाली उतरले, तर जिवाणूच.

आता किडे. उत्तर अमेरिकेत काकडीवरच्या मर रोगाचा जिवाणू हिवाळा काढतो भुंगेऱ्याच्या आतड्यात. वसंतात भुंगेरा कोवळी पानं कुरतडतो आणि त्याच जखमेवर विष्ठा टाकतो. जिवाणू एकदा का जलवाहिन्यांत गेला, की कुठलीही फवारणी तिथे पोचत नाही. म्हणून रोपं लहान असतानाच ती जाळीदार कापडाने झाका, कडा मातीत दाबा, आणि मादीफुलं दिसली की कापड काढा, नाहीतर मधमाश्या आत जाणार नाहीत आणि काकडी धरणार नाही.