पोट बिघडले असता दवाखाना केव्हा गाठावा

नमस्कार, श्रोतेहो. पावसाळ्यात घरात कोणाचे पोट बिघडले की जुलाब किती वेळा झाले, हे सगळे बोटांवर मोजतात. शेवटची लघवी केव्हा झाली, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. घरी पेज-ताकावर भागेल की दवाखाना गाठावा लागेल, हे ठरवताना खरा उपयोग याच दुसऱ्या हिशेबाचा होतो. सहा ते आठ तास लघवी झालेली नसेल, जीभ कोरडी पडली असेल आणि उठून बसताच भोवळ येत असेल, तर अंगातले पाणी व क्षार बरेच कमी झाले आहेत, असे समजावे. तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही. त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडावी; दोन सेकंद उलटूनही ती घडीसारखी उभीच राहिली, तर मध्यरात्र असली तरी निघावे.

निघेपर्यंत, आणि वाटेतही, ओआरएस, म्हणजे पाकिटातल्या मीठ-साखरेच्या भुकटीचे पाणी, चालू ठेवावे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ पसरली आणि सलाईन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असेच मीठ-साखरेचे पाणी पिंपांतून वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. परंतु पाकिटावर एक लिटर लिहिले असेल, तर पाणी एक लिटरच हवे. अर्धे पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून पाजणे, ही आपल्याकडची नेहमीची चूक, आणि तान्ह्या मुलांना ती फार महागात पडते. मुलाला उलटी झाली, तर दहा मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने द्यावे.

शौचातून रक्त पडणे, १०२ अंशांवर ताप, किंवा लोहाच्या गोळ्या चालू नसताना डांबरासारखा काळा शौच, यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी, पाऊल टाकताच वाढणारी कळ अपेंडिक्सची असू शकते. अशा वेळी घरातले चूर्ण किंवा एरंडेल मुळीच देऊ नये. वयस्कर किंवा मधुमेही माणसाच्या पोटाच्या वरच्या भागात दुखून घाम फुटला, तर ॲसिडिटी म्हणून सोडा पाजत न बसता आधी ईसीजी काढून घ्यावा, कारण हृदयविकाराचा झटका कधीकधी पोटदुखीच्याच रूपाने येतो.

दवाखान्यात गेल्यावर लघवीची वेळ डॉक्टरांना आपणहून सांगावी, आणि जुलाब थांबवण्याची गोळी घरीच देऊन झाली असेल, तर तेही लपवू नये.