दसऱ्याला धुतली आणि मिसिंगला लागली

खंडेनवमीला महाराष्ट्रात कुठेही जा, वॉशिंग सेंटरसमोर गाड्यांची रांग असते. उद्या पूजा करायची, झेंडूची माळ घालायची म्हटल्यावर गाडी चकाचक पाहिजेच, आणि त्या रांगेत एखादा तरी हौसेने सांगतोच की भाऊ, बोनेट पण उघडा, आतून पण मारा जरा पाणी. वॉशिंगवाला पण काय, तो प्रेशरची गन घेऊनच उभा असतो. दसरा उरकला की मग अशा गाड्या गॅरेजला यायला लागतात.

ऐका हा आवाज. पेट्रोल स्विफ्ट आहे, चार सिलिंडर, १२०० सीसी. न्यूट्रलला उभी आहे तरी गिअरचा दांडा थरथरतोय, सायलेन्सरमधून फटफट येतंय, आणि मालक सांगतायत की चढाला दुसऱ्या गिअरमध्ये पण ओढत नाही. आयडलला इंजिन मिनिटाला साधारण ७५० फेरे मारतं, त्यात प्रत्येक सिलिंडर निम्म्या वेळा पेटायला पाहिजे. चारातला एक पेटत नसेल की दर दोन फेऱ्यांना एक खड्डा, तोच हा हादरा. यालाच मिसिंग किंवा मिसफायर म्हणतात.

"परवापर्यंत एकदम ओके होती हो," मालक म्हणतात.
"बोनेट उघडून धुतली का साहेब?" मिस्त्रींचा पहिला प्रश्न. उत्तराची त्यांना गरज नव्हती, इंजिनच एवढं चमकत होतं.

आता मीटरवर बघा. पिवळा इंजिनचा दिवा नुसता लागलेला नाहीये, लुकलुकतोय. दिवा स्थिर असला तर सावकाश गॅरेजपर्यंत जाता येतं, पण लुकलुकतोय म्हणजे मिसफायर जोरात आहे, न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेने कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात जाऊन तिथे जळतंय, तो लालबुंद तापतो आणि आतली जाळी वितळू शकते. आणि तो पार्ट स्वस्त नाही. म्हणून "हायवेला एक चक्कर मार, आपोआप सुकेल" हा जो सल्ला प्रत्येक सोसायटीत एक काका देतात ना, तो दिवा लुकलुकत असताना ऐकायचा नाही. गाडी बंद करायची.

पण पाणी गेलं कुठे, वरून तर सगळं कोरडं दिसतंय. वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की ठिणगीला करंट देणाऱ्या चार कॉईल दिसतात, प्रत्येक सिलिंडरला स्वतःची. त्या कॉईलखाली हेडमध्ये, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागात, खोल भोक आहे, विहिरीसारखं, आणि तळाशी स्पार्क प्लग. पाणी त्या विहिरीत उतरलं की वरून कॉईलचं रबर बूच लावल्यासारखं बसलेलं, बाहेर यायला वाट नाही. इंजिन तापलं की वाफ होते, गार झालं की परत पाणी, त्यामुळे दोन दिवस उन्हात लावली तरी काही गाड्या सुकत नाहीत. कॉईल बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करते आणि एवढा दाब सोपा रस्ता शोधतोच. साबण आणि धुळीचं पाणी रबरावर पसरलेलं असेल तर ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत जातच नाही, बाजूने हेडच्या धातूला जाऊन मिळते.

मिस्त्रींनी स्कॅनर लावला, गाडीच्या कॉम्प्युटरमधला बिघाडाचा कोड वाचणारा. कोड आला पी ०३०२, म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर. पी ०३०० आला असता तर कुठलाही एक नाही, अनेक सिलिंडरमध्ये गडबड.

आता इथे घाई करणारे फसतात. कॉईलचा कपलर, म्हणजे वायरचा जोड काढला, बोल्ट काढला, कॉईल वर ओढली, तळाला पाणी दिसलं, आणि लगेच पान्हा घालून प्लग खोलायला घेतला तर ते सगळं पाणी थेट सिलिंडरमध्ये. आधी कंप्रेसरची हवा मारायची, आणि तोंड बाजूला घेऊन मारायची, कारण विहिरीतलं पाणी आणि वाळू सरळ डोळ्यात येते. कंप्रेसर नसेल तर लांब काडीला कापड गुंडाळून टिपून घ्या, वेळ लागतो पण होतं. मग प्लग काढायचा, पुसायचा, कॉईलचं रबर आतून बाहेरून कोरडं करायचं.

हे रबर नीट बघा. आतल्या बाजूला बारीक करडी रेघ आहे का? हिच्यात नाहीये, पण असली तर समजायचं, ठिणगी बाजूने पळाली त्याचा हा जळका माग, आणि तो नुसता सुकवून जात नाही कारण त्यातला कार्बन स्वतःच वीज वाहतो. रेघ रबरावर असेल तर रबर बदला, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवर असेल तर प्लग बदला. अख्खी कॉईल लगेच घ्यायची गरज नाही, जरी पार्टच्या दुकानात तेच सांगणार. शंका असेल तर दोनची कॉईल तीनला लावून गाडी चालू करा. कोड बदलून पी ०३०३ झाला तर कॉईल गेली, दोनलाच राहिला तर प्लग किंवा पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरचा कपलर बघायचा.

जुन्या मारुती ८०० आणि पद्मिनीवाल्यांना हे सगळं ऐकून हसू येईल. त्यांच्याकडे एकच डेल्को असायचा, म्हणजे सगळ्या प्लगना करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर, पावसात गाडी बंद पडली की कॅप काढून कोरड्या फडक्याने पुसायची, परत लावायची आणि निघायचं.

रबराच्या टोकाला आतून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा, म्हणजे वीज न वाहणाऱ्या ग्रीसचा, पातळ हात, कॉईल दाबून बसवली, किल्ली मारली. दांडा थांबला. स्कॅनरने कोड पुसला, दिवा गेला. मालक बिल विचारतायत आणि पार्ट तर एकही टाकलेला नाही, म्हणून ते जरा साशंक चेहऱ्याने बघतायत, पण मिस्त्री मजुरी सांगून मोकळे.

पुढची गाडी डिझेल आहे, ती पण धुतलेलीच. हिच्यात स्पार्क प्लगच नसतात, त्यामुळे विहिरी बघण्यात अर्थ नाही. मिस्त्री सरळ एअर फिल्टरचा डबा उघडतात, फिल्टर ओला आहे का बघतात, मग सेन्सरचे कपलर एकेक काढून हवा मारतायत.