पिल्लू हाकेला येत नाही? आधी त्याचा हिशोब समजून घ्या

नमस्कार मंडळी! घरात कुत्र्याचं पिल्लू आहे ना? मग हे तुमच्या ओळखीचं असणार. दिवसभर ते तुमच्या पायात पायात करतं. तुम्ही उठलात की तेही उठतं. बाथरूमचं दार लावलं की बाहेर बसून कुंई कुंई चालू. आणि तेच पिल्लू मोकळ्या जागेत गेलं की तुम्ही घसा सुकेपर्यंत हाका मारा, ढिम्म हलत नाही. मग आपण म्हणतो, "हट्टी आहे हो, सगळं कळतं त्याला, पण ऐकायचं नाही!"

दोन-तीन महिन्यांचं लेकरू ते, कसला हट्ट करणार? त्याच्या डोक्यात एकच हिशोब असतो: मागच्या वेळी हाक आली, मी गेलो, तेव्हा काय झालं होतं?

आता जरा खरं खरं आठवा, काय झालं होतं? मस्त खेळत होतं, हाक मारली, आलं, आणि आपण दोरी अडकवून घरी आणलं. किंवा कुंडीतली माती उकरत होतं, आलं, आणि ओरडा खाल्ला. अंघोळीला बोलावलं, नखं कापायला बोलावलं, कडू औषध पाजायला बोलावलं. पिल्लाच्या बाजूने बघितलं तर "ये" म्हणजे "संपली मजा". मग कशाला येईल?

यातला सगळ्यात वाईट प्रकार सांगते. पिल्लू सुटून पळालं, आपण मागे धावून दमलो, आणि अर्ध्या तासाने ते आपणहून परत आलं. आणि आपण काय केलं? एक रट्टा दिला. आपल्या मते शिक्षा पळून जाण्याची होती. पण कुत्रं शिक्षेचा संबंध त्याच क्षणाशी जोडतं, आणि त्या क्षणी ते काय करत होतं? तुमच्याकडे आलं होतं. म्हणजे न येण्याचा धडा तुम्हीच दिलात. ते कितीही उशिरा येऊ दे, तुमच्या डोक्यात कितीही राग असू दे, जवळ आलं की कौतुकच. राग नंतर भिंतीवर काढा.

तर पहिला नियम: बोलावून वाईट काही करायचं नाही. अंघोळ घालायची आहे? तुम्ही उठा, त्याच्याजवळ जा आणि उचलून आणा. त्यासाठी हाक वापरायची नाही.

दुसरी गोष्ट, नाव म्हणजे हाक नव्हे. "मोती, नको." "मोती, खाली उतर." "मोती बघ कसा झोपलाय." नाव दिवसभर कानावर पडत असतं, त्यातलं नेमकं कुठलं "ये" हे त्याला कसं कळणार? बोलावण्यासाठी वेगळा आवाज ठेवा. मला स्वतःला आपलं साधं "यू यू यू" आवडतं. पॅट्रिशिया मॅककॉनेल या प्राणिवर्तन अभ्यासक बाईंनी वेगवेगळ्या भाषांतल्या, जनावरं हाताळणाऱ्या लोकांचे आवाज तपासले. जनावराला हलवायचं, बोलवायचं असेल तर माणसं तुटक, छोटे आणि पुन्हा पुन्हा येणारे आवाज काढतात. थांबवायचं, शांत करायचं असेल तर "होऽऽ" असा एकच लांबवलेला. म्हणजे आपलं "यू यू" शास्त्रात बसतं! दरडावून "मोतीऽऽऽ" केलंत तर मात्र पिल्लू जागच्या जागी थिजतं, आणि आपल्याला वाटतं ऐकत नाही.

आता प्रत्यक्ष सुरुवात करू. पहिले काही दिवस बोलवायचंच नाही. पिल्लू समोरच आहे. तुम्ही "यू यू यू" म्हणायचं आणि लगेच तोंडात खाऊ. एवढंच. दहा-बारा वेळा, की संपला धडा. हे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव यांचं सूत्र: आवाजानंतर दर वेळी खाऊ मिळाला की नुसत्या आवाजानेही कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं. घंटीचा आवाज आणि लाळ, शाळेत शिकलोय आपण. गंमत म्हणजे त्यांना 1904 चं नोबेल पचनसंस्थेवरच्या कामासाठी मिळालं होतं. असो.

इथे एक बारीकशी चूक बहुतेक सगळे करतात. माझा हात बघा. [हात खिशाकडे नेत] आधी हात खिशात गेला आणि मग आवाज काढला, तर पिल्लू काय शिकेल? खिशाकडे बघायला. आवाज त्याच्या दृष्टीने फुकट. म्हणून हात स्थिर ठेवा. आधी आवाज, मग एक क्षण, मग हात. खिसा रिकामा दिसला तर न येणारी कुत्री अशीच तयार होतात.

खाऊ वाटाण्याएवढा, पण दर्जेदार. रोजच्या वाडग्यातले कोरडे दाणे इथे चालणार नाहीत, उकडलेल्या चिकनचे बारीक तुकडे चालतील. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं काहीही अजिबात नको. ही कुत्र्यांसाठी विषं आहेत.

आवाज ऐकताच मान गर्रकन वळायला लागली की खेळ सुरू. घरातली दोन माणसं दोन खोल्यांत, आलटून पालटून बोलवा. दाराआड लपा. बोलवा आणि उलट दिशेने पळा! पळणाऱ्याच्या मागे धावणं पिल्लाच्या रक्तातच असतं. म्हणूनच ते सुटलं तर आपण त्याच्यामागे धावायचं नाही, नाहीतर पकडापकडीत राज्य आपल्यावर येतं आणि ते कधीच उतरत नाही. जवळ येताना बिचकत असेल तर अंगावर वाकू नका. उकिडवे बसा, थोडे तिरके.

आता जिथे सगळ्यांची गाडी अडते ती जागा. पिल्लू येतं, पण हातभर अंतरावर थांबून नाचतं. हात पुढे केला की मागे. कारण त्याला माहीत असतं, हात आला की गळ्यातला पट्टा धरला जाणार. यावर उपाय असा. [जमिनीवर बसून] उजव्या हातातला खाऊ माझ्या गुडघ्याला चिकटवून धरलाय, लांब करून नाही. पिल्लू पार आत आलं. आता डावा हात वरून नाही, हनुवटीच्या खालून, पट्ट्याला दोन बोटं. पट्टा धरला, मग खाऊ दिला. आणि पुढची पायरी महत्त्वाची: सोडून दिलं! "जा, खेळ!" पट्टा धरणं म्हणजे खाऊ, आणि वर परत मोकळीक. 1959 मध्ये डेव्हिड प्रीमॅक या मानसशास्त्रज्ञाने हे तत्त्व मांडलं: जास्त आवडीची गोष्ट कमी आवडीच्या गोष्टीचं बक्षीस होऊ शकते. बागेत खाऊपेक्षा खेळ मोठा असतो, मग खेळच बक्षीस द्या. दहा वेळा बोलावलंत तर नऊ वेळा परत सोडा. मग दहाव्या वेळी दोरी लावली तरी त्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

लसीकरण पूर्ण होईपर्यंत हे सगळं घरातच करा. बाहेर पडाल तेव्हा पाच ते दहा मीटरची लांब दोरी, आणि ती हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला लावायची, गळ्याला नाही. धावता धावता झटका बसला तर मान दुखावते. दोरी ओढायला नसते, पिल्लू फार लांब जाऊ नये एवढ्यासाठीच असते.

आणि हाक एकदाच. "ये. ये ना. ए मोती. येतोस का नाही?" हे म्हणजे लांडगा आला रे आला. चौथ्या हाकेपर्यंत पहिल्या तिन्हींची किंमत शून्य झालेली असते. नाही आलं तर गप्प राहा, चार पावलं जवळ जा, टाळी वाजवा, उलटं पळा. आणि ते दुसऱ्या कुत्र्याशी दंगा करत असताना मुळात हाक मारूच नका. येईल अशी खात्री असेल तेव्हाच मारा. सुरुवातीला खात्री नसलेली हाक म्हणजे वाया घालवलेली हाक.

सहा-आठ महिन्यांचं झालं की एकदम सगळं विसरल्यासारखं वागेल. घाबरू नका, ते वयच तसं. 2020 मध्ये "बायॉलॉजी लेटर्स" या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं. पाच महिन्यांची असताना "बस" म्हटल्यावर बसणारी कुत्री आठव्या महिन्यात स्वतःच्या माणसाचं कमी ऐकायला लागली. अनोळखी माणसाचं मात्र ऐकत होती! घरात पंधरा-सोळा वर्षांचं कुणी असेल तर जास्त समजावून सांगायला नको. अशा वेळी लांब दोरी परत काढा, खाऊ परत वाढवा. आणि रस्त्यालगत दोरी सोडायचीच नाही, कितीही शिकलेलं असलं तरी.

तुमची हाक आधीच बिघडली असेल, म्हणजे ऐकताच पिल्लू सोफ्याखाली जात असेल, तर ती सोडून द्या आणि नवा आवाज घेऊन पहिल्यापासून सुरू करा. जुनी दुरुस्त करण्यापेक्षा हे सोपं पडतं. शिट्टी उत्तम. तुम्ही चिडलेले असलात तरी ती तशीच वाजते. फक्त ती शिट्टी उंचावर ठेवा. घरातल्या लहान मुलांच्या हाती लागली तर संध्याकाळपर्यंत तीही बिघडलेली असेल.