दंड मागून भरतो

(नाशिकमध्ये तरुणांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, बोलायला लागण्याआधी तुम्हाला एक काम देतो. उजवा हात कोपरात काटकोनात वाकवा, कोपर बरगडीला चिकटवा आणि डावा पंजा उजव्या दंडाच्या पुढच्या भागावर ठेवा. आता उजवा तळवा जमिनीकडे करा आणि सावकाश वर, छताकडे फिरवा. जोर लावून, अगदी शेवटपर्यंत. कोपर जागचं हललं नाही, हातात वजन नाही, तरी डाव्या पंजाखाली काहीतरी टणक झालं ना? तीच आपली बेटकुळी, म्हणजे बायसेप्स. हात दुमडणं हे तिचं एक काम, आणि तळवा वर फिरवणं हे दुसरं.

सातपूर-अंबडला नोकरीला असलेले इथे बरेच दिसतायत. त्यांना हे वेगळ्या वाटेने माहीत आहे. उजव्या हाताने स्क्रू आवळताना चांगला जोर मिळतो, पण तोच गंजलेला स्क्रू उलटा फिरवून सोडवायचा म्हटलं की घाम फुटतो. आवळताना बायसेप्स मदतीला येतो, सोडवताना येत नाही. जिममध्ये डंबेल कर्ल मारताना, म्हणजे कोपर दुमडत डंबेल वर आणताना, याचा उपयोग करून घ्या. खाली तळवा मांडीकडे असू द्या, वर आणताना तो फिरवत खांद्याकडे न्या. आणि कंबर मागे झुकवून झोका देऊ नका. झोका दिला की वजन कंबर उचलते आणि दंड नुसता फोटोपुरता उरतो.

आता मुख्य मुद्दा. कॉलेज रोडच्या कुठल्याही जिममध्ये संध्याकाळी सातला जा. आरशासमोर रांग लागलेली असते आणि रांगेतला प्रत्येक जण कर्ल मारत असतो. सोमवारी चेस्ट-बायसेप, गुरुवारी पुन्हा बायसेप, जाता जाता आणखी दोन सेट. कारण आरशात पुढचा भाग दिसतो. पण दंडाच्या घेरात निम्म्याहून जास्त वाटा मागच्या स्नायूचा, म्हणजे ट्रायसेप्सचा असतो. बायसेप्सला दोन शिरं, म्हणजे वरची टोकं, ट्रायसेप्सला तीन. ज्याला शर्टाची बाही भरायची आहे त्याने पाठमोऱ्या बाजूकडे दुर्लक्ष करणं म्हणजे अर्ध्या शेतालाच पाणी सोडणं.

ट्रायसेप्सच्या तीन शिरांपैकी जे लांब शिर आहे ते दंडाच्या हाडावर सुरूच होत नाही, ते खांद्याच्या फऱ्यापासून निघतं. म्हणून हात डोक्याच्या वर नेला की ते पूर्ण ताणलं जातं, आणि ताणलेल्या अवस्थेत भार घेतलेला स्नायू चांगला वाढतो, असं अलीकडच्या प्रयोगांत दिसलंय. केबलवर दोरी खाली ढकलण्याचा व्यायाम सगळे करतात, जरूर करा. पण एक डंबेल दोन्ही हातांत धरून डोक्यामागे नेऊन वर उचलण्याचा व्यायाम त्याच्या जोडीला हवाच. डबलबारवरचे डिप्स (दोन दांड्यांवर हात टेकून अंग खाली-वर करणं) आणि अरुंद पकडीचा बेंचप्रेस (बाकावर उताणं झोपून दांडा वर ढकलणं) हेही ट्रायसेप्सचेच. डिप्समध्ये खांदा दुखायला लागला तर मात्र हट्ट करू नका, सोडून द्या.

पुढच्या बाजूलाही एक दडलेला गडी आहे. बायसेप्सच्या खाली, थेट हाडाला लागून ब्रेकियालिस नावाचा स्नायू असतो. तळवा कसाही ठेवा, कोपर वाकवताना तो राबतोच, आणि तो जाड झाला की वरचा बायसेप्स बाहेर ढकलला जातो. तळवे एकमेकांकडे ठेवून मारलेला हॅमर कर्ल त्याच्यासाठी आणि कोपराखालच्या हातासाठीही चांगला.

आता थोडं आपल्या गावाकडे वळतो. इथून जवळच टाकळीला समर्थ रामदासांनी बारा वर्षं तपश्चर्या केली आणि रोज बाराशे सूर्यनमस्कार घातले, असं परंपरा सांगते. दुसरीकडे, मल्लखांबाचे आद्य गुरू मानले जाणारे बाळंभटदादा देवधर आपल्याच जिल्ह्यातले, कोठुऱ्याचे. दोन्ही व्यायाम थोरच, पण दंडाच्या दृष्टीने त्यांत फरक आहे. रोजचे शेकडो नमस्कार दम वाढवतात, सांधे मोकळे ठेवतात. त्यांचा हेतूच तो. पण हातावर येणारा भार पहिल्या नमस्काराला जेवढा, तेवढाच शेवटच्या. मल्लखांबावर मात्र अख्खं अंग हाताने ओढून वर न्यायचं असतं, आणि सोपी पकड जमली की गुरुजी लगेच अवघड पकड देतात. मल्लखांबवाल्या पोरांचे दंड जिमचं तोंड न पाहता पिळदार का दिसतात, ते यातून कळेल.

नेहमी एक प्रश्न येतो, विशेषतः निफाड-पिंपळगावकडच्या पोरांकडून. 'सर, आम्ही हंगामात दिवसभर क्रेट उचलतो, मग जिम कशाला?' प्रश्न रास्त आहे. पहिल्या हंगामात हात भरतातच. पण क्रेट पुढच्या वर्षीही वीस-बावीस किलोचाच असतो. शरीराने त्या वजनाशी एकदा जुळवून घेतलं की आणखी स्नायू बांधण्याचं त्याला काही कारण उरत नाही. भार वाढत गेला तरच स्नायू वाढतो. 1945 मध्ये अमेरिकी सैन्यातले डॉक्टर थॉमस डिलॉर्म यांनी जखमी सैनिकांना याच पद्धतीने उभं केलं होतं: दहा वेळा जेमतेम उचलेल एवढं वजन द्यायचं आणि ताकद आली की वजन वाढवायचं. आजच्या प्रत्येक जिमच्या वेळापत्रकात तेच तत्त्व आहे.

तत्त्व सोपं, पण दंडाच्या बाबतीत एक व्यवहारी अडचण येते आणि तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. स्क्वाटला, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन मारलेल्या बैठकांना, साठ किलोवरून साडेबासष्टवर जाणं म्हणजे जेमतेम चार टक्के वाढ. पण डंबेलच्या रॅकवर पाच, साडेसात, दहा, साडेबारा किलो अशा जोड्या असतात. दहावरून साडेबारावर जाणं म्हणजे एकदम पंचवीस टक्के! पाचवरून साडेसातवर तर पन्नास टक्के. मग पोरं एक तर वर्षभर दहाच्याच जोडीवर अडकतात, नाहीतर साडेबारा उचलून झोके घेतात. यावरचा तोडगा असा. दहा किलोने आठ-आठ रेपचे तीन सेट जमतायत ना? (एकदा उचलून खाली आणलं की एक रेप, न थांबता मारलेल्या रेपचा एक सेट.) मग वजनाला हात लावू नका, रेप वाढवा. नऊ, दहा, अकरा. तिन्ही सेटमध्ये स्वच्छ बारा-तेरा निघाले की मग साडेबारा घ्या. रेप पुन्हा सात-आठवर येतील, येऊ द्या. तिथून परत चढायला लागा. यासाठी वही लागते. मोबाईलमध्ये लिहा, पण लिहा. मागच्या आठवड्यात किती मारले होते हे ज्याला सांगता येत नाही, तो भार वाढवत नसतो, नुसता घाम गाळत असतो.

रेप सहा असोत की वीस, स्नायू दोन्हीकडे वाढतो. अट एकच, सेट संपताना आणखी एखाद-दोनच रेप निघतील एवढी दमछाक झालेली हवी. आठवड्यातून दोनदा दंडाचं काम करा. पुलअप, रोइंग, बेंचप्रेस यांतही दंड राबतात हे धरून नवशिक्याला बायसेप्सचे सहा ते आठ आणि ट्रायसेप्सचे तेवढेच सेट आठवड्याला पुरतात. पहिल्या काही आठवड्यांत उचललं जाणारं वजन भराभर वाढतं आणि टेपवर काहीच दिसत नाही. घाबरू नका, तेव्हा मज्जासंस्था स्नायूला कामाला लावायला शिकत असते.

खाण्याचं पटकन सांगतो. वजनाच्या दर किलोला दिवसाला साधारण 1.6 ग्रॅम प्रोटीन पुरतं. सत्तर किलोच्या मुलाला एकशेदहाच्या आसपास. एक अंडं सहा ग्रॅम, पाव लिटर दूध आठ, शंभर ग्रॅम पनीर अठरा, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या पंचवीसच्या घरात. रविवारची मिसळ? खा हो, नाशकात राहून मिसळ खाऊ नका म्हणणारा मी कोण! पण मटकीपेक्षा तर्री आणि पाव जास्त असेल तर तिला प्रोटीनच्या खात्यात मांडू नका. क्रिएटीन ही ताकदीसाठी घेतली जाणारी पावडर घ्यायची तर रोज तीन ते पाच ग्रॅम पुरतं. किडनीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आता जे सांगतो ते जरा आवाज चढवून सांगतो. 'एकच कोर्स मार, सहा महिन्यांचं काम दोन महिन्यांत होतं' असं कानात सांगणारा कुणीतरी भेटेलच. त्याच्या हातातल्या इंजेक्शनमध्ये स्टेरॉइड असतं. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं. वृषणं आकसतात, शुक्राणू घटतात, हृदयावर ताण येतो. बावीस वर्षांच्या पोराने बेटकुळीसाठी हे ओढवून घ्यावं, असं तिच्यात काहीही नाही.

मागे बसलेल्या मुलींसाठी, आणि साठी ओलांडलेल्यांसाठीही: व्यायाम हेच, नियम हेच. मुलींचे दंड पुरुषी होतील ही भीती निराधार आहे, तेवढं टेस्टोस्टेरॉन मुलींच्या शरीरात नसतं. आणि साठीनंतर स्नायू वाढत नाही हेही खोटं. फक्त सुरुवात हलकी ठेवा आणि रक्तदाब असेल तर वजन उचलताना श्वास कोंडू नका.

शेवटी मोजमाप. टेप सकाळी लावा, व्यायामानंतर नाही. व्यायामानंतर रक्त साचून जो पंप येतो तो तासाभरात ओसरतो. खांद्याचं टोक आणि कोपर यांच्या मधोमध पेनाने खूण करा, हात सैल सोडा, टेप कातडीला टेकेल पण रुतणार नाही इतपतच धरा. महिन्यातून एकदा मोजलं तर पुष्कळ झालं. दोन-तीन महिन्यांत एखादा सेंटीमीटर वाढला तर तुमचं बरोबर चाललंय. नसेल वाढला तर आधी वही उघडा, मग ताटात बघा, आणि त्यानंतरच व्यायाम बदला.

इथे पुढे दोन डंबेल आणि एक टेप ठेवलाय. ज्यांना आपला कर्ल तपासून घ्यायचा आहे त्यांनी एकेक करून या. झोका दिलात तर सगळ्यांसमोर सांगणार आहे.