गोंदणाचे चार ठिपके

पुण्यात जुने फोटो दुरुस्त करायचं काम करायचं म्हटलं की पानशेत येतंच. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि नदीकाठच्या पेठांत घराघरांत पाणी शिरलं. त्या घरांतले फोटो आजही माझ्याकडे येतात. खालच्या बाजूला चिखलाची तपकिरी रेघ, आणि फोटो काचेला घट्ट चिकटलेला.

का चिकटतो? फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीचे अतिसूक्ष्म कण. चित्र दिसतं ते त्या कणांचं. जिलेटिन भिजलं की फुगतं, मऊ होतं, आणि वाळताना काचेला धरून बसतं. मग घरातलं कुणीतरी सुरीचं पातं घालून तो सोडवायला जातं. कृपा करून असं करू नका, मंडळी. कागद हातात येतो आणि चेहरा काचेवर राहतो. काचेसकट आणा, काचेतूनच स्कॅन करता येतं.

आणि फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी स्कॅन रंगीतच करा. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, म्हणजे दर इंचाला ६०० ठिपके, आणि फाइल टिफ, म्हणजे तपशील न गमावता साठवणारी. रंगीत कशासाठी? स्कॅनमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन चॅनल असतात. पिवळा डाग निळा प्रकाश शोषून घेतो, म्हणून निळ्या चॅनलमध्ये तो गडद दिसतो. लाल चॅनल उघडा, तोच डाग जवळजवळ नाहीसा होतो. ब्रशला हातही न लावता अर्धं काम झालेलं असतं. इतकी वर्षं झाली, तरी डागाखालून चेहरा वर येताना पाहिला की माझा हात थांबतो.

सत्तरच्या दशकातले लग्नाचे रंगीत अल्बम तांबूस पडतात, कारण त्यातलं निळसर रंगद्रव्य आधी उडतं. ते बऱ्याच अंशी सावरता येतं.

अवघड असतो तो चेहरा. नारायण पेठेतल्या एक काकू त्यांच्या आजीचा फोटो घेऊन आल्या. भाच्याने मोबाइलवरच्या ॲपमधून तो ‘साफ’ करून दिला होता. गाल गुळगुळीत, डोळे चमकदार. काकू म्हणाल्या, “अहो, छान दिसतेय ही, पण ही आमची आजी नव्हे.” मूळ फोटो भिंगाखाली धरला. कुंकवाच्या खाली गोंदणाचे तीन ठिपके, हनुवटीवर एक. ॲपने ते डाग समजून पुसले होते. गालावरचे देवीचे व्रणही गेले होते.

ही साधनं असंख्य चेहऱ्यांवरून शिकतात आणि जिथे माहिती पुसट असते तिथे त्या चेहऱ्यांसारखं काहीतरी भरतात. मागचा फाटका पडदा असा भरला तर माझी हरकत नाही. चेहऱ्यावर मात्र मी क्लोन स्टॅम्प आणि हीलिंग ब्रशच चालवतो, म्हणजे त्याच फोटोतला शेजारचा भाग हाताने उचलून डागावर बसवतो, तेही वेगळ्या लेयरवर, मूळ चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक थरावर, म्हणजे उद्या कुणालाही माझी दुरुस्ती काढून टाकता येईल. मूळ स्कॅन तसाच जपून ठेवतो.

त्या फोटोत आजींच्या डाव्या हाताची बोटं पुरात गेली होती. दुसरा फोटो असता तर त्यावरून घेतली असती, पण तो एकच उरला होता. काय करू, म्हणून विचारलं. “राहू द्या,” काकू म्हणाल्या. बोटांच्या जागी चिखलाचा फिकट डाग ठेवूनच प्रिंट काढली. गोंदणाचे चारही ठिपके तिच्यात मोजता येतात.