निऑन बायबल: चर्चमध्ये घडलेला दुसरा अल्बम

हे जे छोटंसं चर्च दिसतंय ना, ते कॅनडात, क्वेबेक प्रांतातल्या फार्नहॅम गावातलं. माँट्रियलहून गाडीनं साधारण तासाभराचा रस्ता. आर्केड फायर या कॅनडातल्या रॉक बँडनं हे चक्क विकत घेतलं, डागडुजी केली आणि आतच स्टुडिओ थाटला. २००४ चा पहिला अल्बम 'फ्युनरल' लोकांनी डोक्यावर घेतला होता, अशा वेळी कुणीही एखादा महागडा स्टुडिओ बुक करून मोकळं झालं असतं, पण यांना दुसऱ्या अल्बमसाठी, म्हणजे 'निऑन बायबल'साठी, स्वतःची जागा हवी होती.

आणि जागेनं खरंच फरक पडतो. चर्चमध्ये ड्रमचा एक ठोका दिला की तो भिंतींवरून फिरून परत येतो, वाजवणाऱ्याला तो ऐकू येतो, मग पुढचा ठोका तो आपोआप त्या हिशोबानं देतो. नंतर कॉम्प्युटरवर इको टाकता येतो की, पण वाजवताना हातात जे बदलतं ते कसं टाकणार? मला तर या अल्बमचा जीव तिथेच आहे असं वाटतं.

आता हे दुसरं चर्च, माँट्रियलमधलं सेंट-जाँ-बाप्तिस्त, आणि या वर जाणाऱ्या नळ्या बघा. हा पाइप ऑर्गन. पेटीचा भाता आपण हातानं हलवतो, इथे हवा यंत्रानं भरतात, पट्टी दाबली की ती हवा नळीत सुटते आणि नळी बोलते, जितकी लांब नळी तितका खालचा सूर. हे वाद्य काही उचलून स्टुडिओत नेता येत नाही, ते इमारतीचाच भाग असतं, म्हणून बँडच तिथे गेला. अल्बममधलं 'इंटरव्हेन्शन' हे गाणं सुरू होताना जो ऑर्गन अंगावर येतो तो हाच. तेवढ्यावर पण भागलं नाही, ऑर्केस्ट्रा आणि लष्करी पुरुषांचा कॉयर, म्हणजे गायकांचा ताफा, रेकॉर्ड करायला थेट हंगेरीतलं बुडापेस्ट गाठलं, आणि २००३ च्या ईपीवरचं (ईपी म्हणजे मोजक्या गाण्यांचा छोटा अल्बम) 'नो कार्स गो' या सगळ्या फौजेसकट पुन्हा नव्यानं केलं.

ही गिटार नीट बघा. फेब्रुवारी २००७, अमेरिकेतल्या 'सॅटरडे नाइट लाइव्ह' या टीव्ही शोचा स्टेज. बँडचा गायक विन बटलर याच्या गिटारवर हैतीच्या क्रिओल भाषेतली म्हण लिहिलीय, अर्थ असा की रिकामं पोतं उभं राहत नाही. बँडमधल्या रेजीन शासान्यचे आईवडील मूळचे हैतीचे, 'इंटरव्हेन्शन'च्या ऑनलाइन विक्रीचे पैसेसुद्धा तिथे आरोग्याचं काम करणाऱ्या 'पार्टनर्स इन हेल्थ'ला गेले. गाणं चालू असताना तार तुटते, विन उरलेल्या तारा उपटतो आणि गिटार जमिनीवर आपटतो.

मार्च २००७ मध्ये अल्बम आला. कॅनडात पहिला नंबर, अमेरिकेत दुसरा, तिथे पहिल्याच आठवड्यात ९२ हजार कॉपी गेल्या आणि तेही मर्ज रेकॉर्ड्ससारख्या छोट्या इंडी, म्हणजे स्वतंत्र, रेकॉर्ड कंपनीकडून. काही समीक्षकांना तो फार जड, फार भव्य वाटला, पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या वेबसाइटनं 'फ्युनरल'ला दहापैकी ९.७ दिले होते, याला ८.४, ग्रॅमीचं नामांकन मिळालं, २००८ ला कॅनडाचं जूनो संगीत अवॉर्ड मिळालं. फार्नहॅमच्या चर्चचं छप्पर पुढे कोसळलं आणि बँडनं ते विकून टाकलं.

आणि हे पॅरिस, ऑलिंपिया थिएटर. शोच्या आधीची सामानाची लिफ्ट. अख्खा बँड तिच्यात कोंबून उभा, व्हायोलिन खांद्याला टेकवायला सुद्धा जागा नाही, आणि तशातच अल्बमचं टायटल साँग सुरू होतं. ड्रमसेट कुठे मावणार, म्हणून बँडमधल्या रिचर्ड रीड पॅरीनं एक मासिक घेतलंय.

ऐका, तो तालावर एकेक पान फाडतोय.